कलीपा आणि मागचे लाल दिवे

आमच्या घरात दोन सुना. थोरली मी, सायरा. धाकटी कलीपा. मी घोडी दोहते, लोकर कुटून नमदा घालते, मेंढी कापली की कुठला तुकडा कुठल्या पाहुण्यापुढे ठेवायचा ते मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. कलीपाला यातलं काही म्हणता काही येत नव्हतं. ती दक्षिणेकडची. लग्नाआधी विजेच्या बल्बच्या कारखान्यात होती. लांबलचक टेबलापाशी बसायचं, समोरून बल्ब येणार, एकेक खोबणीत घालून बघायचा. पेटला की इकडे, नाही पेटला की तिकडे. दिवसभर हेच. माझा दीर तालाय तिकडे कामाला गेला आणि येताना हिला घेऊन आला. आमच्या आळीतल्या बायका रुमालाआड हसल्या. सासूबाईंचं नाव घेऊन म्हणाल्या, "सेइलकानने सून आणली की बल्ब?"

मीही हसले. का नाही हसायचं? पहिल्याच उन्हाळ्यात बाईसाहेब दूध काढायला घोडीच्या भलत्याच बाजूला जाऊन बसल्या. घोडीने अशी लाथ झाडली की बादली एकीकडे आणि कलीपा एकीकडे. दुसरी कुणी असती तर रडत घरात गेली असती. ही उठली, स्कर्ट झटकला आणि घोडीला म्हणाली, "तुझी तार कुठे जोडलीय ते एकदा कळू दे, मग बघते."

हे असं तिचं बोलणं. गरीब गाय वगैरे मुळीच नाही हो. कुणाची इस्त्री जळली, कुणाचा रेडिओ खरखरला की लोक तिच्याकडे येत, आणि ती दुरुस्त करताना इतकी फुशारकी मारायची की ऐकणाऱ्याचे कान किटायचे. "बल्ब माझ्याशी खोटं बोलत नाही, एजे. माणसं बोलतात, बल्ब नाही." मला एजे म्हणते ती, थोरली बहीण म्हणून. मला राग यायचा. पण इस्त्री चालू व्हायची, त्याला काय करणार? तालाय रशियात इमारतींवर कामाला गेला, तिकडून क्वचित फोन यायचा, आणि ही इथे अंगणात बसून आख्ख्या गावाचे प्लग उघडत बसायची.

एका गोष्टीला मात्र तिला हात लावायची परवानगी नव्हती. सासऱ्यांचा पिकअप.

आमचे सासरे असनाली. मी त्यांचं नाव घेतलं म्हणून मला नावं ठेवू नका. आमच्याकडे सुनेने सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नसतं, पण आत्ता ते ऐकायला इथे नाहीत, आणि नाव न घेता तुम्हाला सांगू कसं? जन्मभर त्यांनी सरकारी शेतीचे घोडे राखले. ती शेती मोडली तेव्हा वाटणीत कुणाला गायी आल्या, कुणाला नांगर, आणि यांच्या वाट्याला आला हा हिरवा पिकअप. आला तेव्हाच तो म्हातारा होता. पण म्हाताऱ्याच्या लेखी तो घोडाच. चढ संपला की थांबून त्याला दम खाऊ द्यायचा. थंडीत वाऱ्याकडे तोंड करून उभा करायचा नाही. धुतला की कोरड्या फडक्याने पुसायचा आणि बॉनेटवर थाप मारायची. दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही. "दहा जणांनी हाताळलं की जनावर बिघडतं," म्हणायचे. माझ्या नवऱ्याला, जेनबेकला, फक्त टायरात हवा भरायची मुभा होती. कलीपाला तर तेवढीही नाही.

आता सासूबाईंचं ऐका, कारण हे सगळं रामायण त्यांच्यापायी झालं. सेइलकान अपा, अपा म्हणजे आई. अपांचा जन्म सुसामीरच्या कुरणावरचा, तंबूतला. वय झालं तरी दर उन्हाळ्याला खिंड ओलांडून तिकडे जायच्या, घोड्यावरून. मग एका हिवाळ्यात विहिरीपाशी बर्फावरून घसरल्या आणि कमरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं. बसता म्हणून येईना. काठी धरून थोडं उभं राहायचं, नाही तर आडवं पडायचं. दोन उन्हाळे त्या खाली गावात राहिल्या. खिडकीतून डोंगराकडे बघत बसायच्या, बसायच्या कसल्या, पडून राहायच्या, आणि माश्या हाकलायच्या. तोंडाने कधी चकार शब्द काढला नाही. पण कुरणावरून मी आंबवलेलं घोडीचं दूध पाठवलं, तर वाडगं हातात घेऊन नुसता वास घेत राहायच्या. ते मला जेनबेकने सांगितलं.

या उन्हाळ्यात म्हाताऱ्याने ठरवलं, बायकोला न्यायचीच. पिकअपच्या हौद्यात गाद्या घालायच्या, वर ताडपत्री, आडवी झोपवून न्यायची. एकदा गावातून फिरवून आणलं, तर खड्ड्याखड्ड्याला अपांच्या तोंडून हाय निघाली. म्हातारा घरी येऊन पिकअपभोवती फेऱ्या मारायला लागला. मग एकदम ओरडला, "अरे, मी गाढव आहे! उघड्या पाठीवर खोगीर घातलंय मी!"

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा केलं, हौद्याचे बोल्ट काढले, हौदा उचलला, आणि खाली चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, लोकरीचा जाड नमदा अंथरला. नमदा मी कुटलेला, चांगला बोटभर जाड. घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली घालतात तस्साच. वर हौदा ठेवला. लोखंडाने लोखंड घासू नये म्हणून प्रत्येक बोल्टाला वर-खाली चामड्याच्या चकत्या. आणि गाडी खरोखर मऊ झाली हो. अपा आडव्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "अगं बाई, हा तर चालीचा घोडा झाला!" म्हाताऱ्याची छाती फुगली. त्या दिवशी त्याने भेटेल त्याला थांबवून तो नमदा दाखवला.

आणि मग मागचे दिवे वेडे झाले.

दोन्हींचा संबंध आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. येणार कसा? दिवे विजेवर चालतात आणि नमदा मेंढीच्या अंगावरून येतो. अंगणात दिवे पेटायचे. चढाला लागलं, खड्डा आला की विझायचे. मागचा लाल दिवा काजव्याएवढा मिणमिणायचा, आणि ब्रेक दाबला की तोही जायचा आणि भलतेच, इंडिकेटरचे दिवे अंधुक पेटायचे. डावा इंडिकेटर लावला की मागचे लाल दिवे डोळे मिचकावायचे. म्हातारा म्हणाला, नजर लागली. आरशाला ताईत बांधला. बल्ब बदलले, फ्यूज बदलले. बाजारातल्या मिस्त्रीकडे नेला, तर त्याने पुढून मागपर्यंत नवीकोरी तार ओढून दिली. दुकानासमोर झक्क पेटले दिवे. गावाबाहेर पडलो आणि पुन्हा तेच.

कलीपा तेव्हाच म्हणाली होती, "अताके, मी बघू का जरा?" अताके म्हणजे बाबा, लाडाने म्हणतात तसं.

"तू दूध तापायला ठेवलंयस ना? ते बघ," म्हातारा म्हणाला.

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा दूध. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने नुसता घसा खाकरला. त्यावर बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

आता तुम्ही म्हणाल, मागचे दिवे नसले तर एवढं काय बिघडलं? दिवसाउजेडी जा की. पण खिंडीत बोगदा आहे. लांब, काळोखा, धुराने भरलेला. आत पुढची गाडी दिसते ती तिच्या लाल दिव्यांनीच. ते नसतील तर चौकीवरचा हवालदार अडसर उचलत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे, माणसं मेलीत तिथे. परवाच आम्हाला एकदा त्याने परत पाठवलं होतं. आणि आम्ही निघणार त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून बोगदा दुरुस्तीला बंद होणार होता, तो थेट कुरणावरचं गवत पिवळं पडेपर्यंत. घोडे, मेंढ्या जुन्या पायवाटेने केव्हाच वर गेल्या होत्या. त्या वाटेने आडवी पडलेली म्हातारी नेता येते का? टॅक्सीत तिला बसता येत नाही. लॉऱ्या मेंढरांनी भरलेल्या. म्हणजे आज, नाही तर या वर्षी नाही. आणि अपांचं वय बघता पुढच्या वर्षाचं कोण बोलणार?

सकाळी निघालो. पुढे म्हातारा आणि जेनबेक. मागे हौद्यात गाद्यांवर अपा, त्यांच्या एका बाजूला मी, एका बाजूला कलीपा, पायाशी भांडीकुंडी. निघताना दिवे पेटत होते, मी स्वतः मागे उभी राहून बघितले होते. चढ लागला. वळणावर वळण. अपा ताडपत्रीच्या फटीतून बघत होत्या आणि प्रत्येक ओढा ओळखत होत्या. "इथे माझ्या आईची गाय वाहून गेली होती. ते बघ, तिथे लाल दगड आहे, त्याच्यावर बसून मी भाकरी खाल्ली होती." दोन वर्षांत एवढं बोलल्या नव्हत्या.

चौकीपाशी हवालदार मेदेर उभा. तोच, परवाचा. पोट पट्ट्याबाहेर, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. मागे येऊन म्हणाला, "लावा दिवे."

म्हाताऱ्याने लावले. काजवा.

"ब्रेक."

काजवा विझला, इंडिकेटर मिणमिणले. मेदेरने बीचं टरफल थुंकलं. "बाबा, ही गाडी आहे की लग्नाची रोषणाई? वळवा परत."

म्हातारा खाली उतरला आणि बोलायला त्याला चौकीच्या बाजूला घेऊन गेला. जेनबेकने मागे येऊन काय करावं? डाव्या दिव्याला सणसणीत लाथ मारली!

"मेल्या, लाथा घालून दिवे पेटत असते तर मी तुला केव्हाच पेटवला असता," मी म्हणाले. इतका संताप आला होता मला. मागे गाड्यांची रांग लागली. आमच्या लगोलग मागे मेंढरांची लॉरी होती, तिचा ड्रायव्हर भोंग्यावर हात ठेवूनच बसला होता. मेदेर परत आला, वही काढली आणि आम्हा बायकांना म्हणाला, "गाडी कुणाच्या नावावर? मालकाचं नाव काय?"

मी कलीपाकडे बघितलं. कलीपाने माझ्याकडे. सासऱ्याचं नाव, आणि तेही ते हाकेच्या अंतरावर असताना! मी हनुवटीने चौकीकडे दाखवलं. कलीपाने पण हनुवटीने दाखवलं.

"नाव विचारतोय, हनुवटी नाही. चोरीची आहे का?"

"चोरायचीच असती तर दिवे असलेली चोरली असती," अपा आतून गरजल्या. मेदेर दचकलाच. आत म्हातारी आहे हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. तेवढ्यात सासरे आले. चेहरा पडलेला. मेदेरने मानेनेच नाही म्हटलेलं मी लांबून पाहिलं होतं. माझ्या नवऱ्याचे वडील, गावात ज्यांच्यापुढे कुणी आवाज चढवत नाही, ते टोपी हातात घेऊन रस्त्यावर उभे. हौद्यापाशी येऊन म्हणाले, "सेइलकान. परत जावं लागेल."

अपांनी ताडपत्रीची फट हाताने बंद केली. बास, एवढंच. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आणि मग आतूनच आवाज आला, "म्हाताऱ्या, तिला बघू दे."

"कुणाला?"

"धाकटीला. बल्बवालीला. सगळ्यांनी बघून झालं, नजर लागली म्हणालास, ताईत बांधलास. आता तिला बघू दे. का तुझ्या घोड्याला बाईचा हात लागला तर तो दूध द्यायचा थांबेल?"

मागच्या लॉरीवाल्याने ऐकलं. तो खो खो हसला. म्हातारा लाल झाला, पण बाजूला सरकला.

कलीपा हौद्यातून उडी मारून उतरली. स्कर्टच्या खिशातून तिने तिचा तपासायचा बल्ब काढला, दोन तारा लावलेला. तो ती नेहमी बरोबर बाळगते, आपण रुमाल बाळगतो तसा. मागच्या दिव्याचं झाकण काढलं. बल्बची एक तार आतल्या विजेच्या तारेला लावली, दुसरी हौद्याच्या पत्र्याला, जिथे गंज खरवडून लोखंड दिसत होतं तिथे. काही नाही. मग ती वाकली, दुसरी तार खाली चासीला लावली. बल्ब असा भप्पकन पेटला की मी डोळे मिटले.

"वा!" जेनबेक म्हणाला.

"वा काय," ती म्हणाली. "वीज येतेय धो धो. परत जायला वाट नाही तिला."

"म्हणजे?"

"म्हणजे मेंढरं सकाळी चरायला सोडली आणि गोठ्याचं दार लावून घेतलं. संध्याकाळी ती कुठे जाणार? शेजाऱ्याच्या गोठ्यात घुसणार. म्हणून ब्रेकची वीज इंडिकेटरात घुसतेय." असं म्हणून ती सरळ गाडीखाली गेली, धुळीत पाठ टेकून. नुसते बूट बाहेर. मेदेर बिया चघळायचा थांबला.

बराच वेळ बूट हलले नाहीत. मला राहवेना. मी खाली वाकले. "काय गं? सापडलं का?"

कलीपा उताणी पडून वर बघत होती. माझ्याच नमद्याकडे. चासीवर नमदा, त्यावर हौदा, आणि बोल्टाबोल्टाला चामडं. ती अगदी हळू म्हणाली, "एजे, हौदा लोखंडाला धड कुठे टेकतच नाहीये. उभ्या गाडीत कुठेतरी जेमतेम टेकतो, धक्के बसले की तेही सुटतं. नमद्यावर बसलाय. मागच्या दिव्यांची वीज हौद्यातून चासीत जाते. ती वाटच बंद झालीय."

मी कपाळावर हात मारला. "मग काढ तो नमदा!"

"काढला तर अपा खिंडीतल्या दगडांवरून कशा जातील? आणि एजे..." तिने डोळ्यांनी रस्त्याकडे खूण केली. तिथे म्हातारा उभा होता, भोवती निम्मी रांग जमलेली. भेटेल त्याला दाखवलेला तो नमदा. बायकोची कंबर दुखू नये म्हणून घातलेला. या सगळ्यांसमोर सुनेने उठून सांगायचं की बाबा, तुम्हीच बिघडवलीत गाडी? मला सांगायला लावलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते आणि मग वर्षभर त्यांच्यासमोर चहा ठेवायची सोय राहिली नसती.

कलीपा बाहेर आली. केसांत माती, गालाला काळं. सासऱ्यांसमोर जाऊन मान खाली घालून उभी राहिली, रीतीप्रमाणे, आणि आवाज मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"अताके, खोगीर चांगलं चढवलंय तुम्ही. खाली नमदाही एक नंबर घातलाय. पण तंग कुठाय?"

म्हातारा बघतच राहिला. "कसला तंग?"

"खोगीर घोड्याला कशाने धरतं? पोटाखालून तंग आवळता ना? इथे खोगीर आहे, नमदा आहे, घोडा आहे. तंगच नाही. म्हणून वीज वरून खाली उतरत नाहीये. एक तार हौद्यापासून चासीपर्यंत आवळली की झालं. नमद्याला हात लावायला नको."

कुणी हसलं नाही. तिथे जमलेले सगळे घोडेवाले. तंग न आवळता निघालेला माणूस कुठे जाऊन पडतो हे प्रत्येकाला माहीत. म्हाताऱ्याने दाढी खाजवली. गाडीकडे बघितलं. खाली वाकून नमद्याकडे बघितलं. चामड्याच्या चकतीवर बोट फिरवलं. त्याला कळलं, मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते, पूर्ण कळलं. हा माणूस आता चिडतोय की काय!

"हं," तो म्हणाला. "तंग राहिलाच की." आणि मग टोपी डोक्यावर घट्ट बसवून ओरडला, "जेनबेक! उभा काय आहेस खांबासारखा? चाकू आण! तंग मी आवळणार. माझ्या घोड्याचा तंग आजवर दुसऱ्या कुणी आवळलेला नाही!"

मग काय विचारता! मिस्त्रीने ओढलेली ती नवी तार कलीपाने उपसून घेतली, जुनी तर चांगलीच होती, ती परत जोडली. तिचे पदर करून पीळ घातला, चांगला करंगळीएवढा. म्हाताऱ्याने एका टोकाला हौद्याचा कोपरा चाकूने खरवडला. "अजून, अताके. रंग राहिला तर वीज अडते. आरशासारखं चमकू दे." दुसऱ्या टोकाला चासी खरवडली. ती बोल्ट धरायची, तो आवळायचा. सून-सासरे एकाच गाडीखाली, पायांचे दोन जोड बाहेर! मी जन्मात असं काही बघितलं नव्हतं. मागचा लॉरीवाला भोंगा वाजवायचा सोडून त्यांना पाना द्यायला आला.

"लाव दिवे!" म्हातारा गाडीखालून ओरडला.

जेनबेकने लावले. उजवा दिवा लालभडक पेटला. भर उन्हात दिसेल असा. डावा मात्र मेलेलाच.

"झालं!" मेदेर म्हणाला. "एका डोळ्याची गाडी मी सोडत नाही."

कलीपाने माझ्या नवऱ्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला. लाथ घातली होती ना त्याने. तिने झाकण उघडलं, बल्ब काढला, उन्हाकडे धरला. "हा शहाणा ठीक आहे. जागा सोडून बसलाय." बल्बच्या बुडावर हिरवट चढलं होतं. तिने त्यावर थुंकी लावली आणि बोल्टापाशी नमद्याचा एक पुंजका लोंबत होता, तो तोडून त्याने बूड घासघासून लख्ख केलं. खोबणीतली पट्टी नखाने वर उचलली. बल्ब बसवून फिरवला.

पेटला!

"ब्रेक!" आता मेदेरने नाही, कलीपाने हुकूम सोडला. दोन्ही दिवे दुप्पट झाले. "डावा!" डावा टकटकला, एकटा, बाकी कुणी डोळा मिचकावला नाही. "उजवा!" उजवा. रांगेतल्या एकाने शिट्टी मारली, कुणीतरी भोंगा दाबला, आणि मग सगळ्याच गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. मेंढरं घाबरून ओरडायला लागली. कलीपा दोन्ही हात कमरेवर ठेवून मधोमध उभी, माती लागलेली, आणि तोंडावर अशी ऐट, अशी ऐट! मेदेरला म्हणाली, "बघा हो, अजून काही बघायचं असेल तर. हॉर्नही वाजतो. ऐकायचाय?"

मेदेर गाडीला एक फेरी मारून आला. वही खिशात घातली. अडसर उचलला. मग जरा घुटमळून म्हणाला, "बाई, माझ्या स्वतःच्या गाडीचा पुढचा एक दिवा..."

"येताना," कलीपा म्हणाली. "आत्ता माझी सासू माहेरी चाललीय."

बोगद्यात शिरलो. मी मागे तोंड करून बसले होते. आमच्या दिव्यांनी भिंती लाल झाल्या होत्या, आणि मागे लॉरीवाला आमच्या दिव्यांवर डोळा ठेवून हळूहळू येत होता, त्याच्या मागे बाकी सगळी रांग. धुराने मला खोकला लागला. अपांनी कलीपाचा हात पकडून ठेवला होता. मग समोर उजेडाचा ठिपका आला, वाढला, आणि आम्ही बाहेर पडलो. थंड वारा आला, ओल्या गवताचा वास आला. खाली सगळं सुसामीर पसरलेलं, हिरवंगार, मधून नदी. अपांनी ताडपत्री अशी ओढली की दोरीच तुटली. "थांबव रे! म्हाताऱ्या, थांबव! मला बघू दे!"

म्हाताऱ्याने थांबवलं. आम्ही त्यांना उभं केलं, दोन्ही बाजूंनी धरून. त्या बघत राहिल्या आणि रडत राहिल्या आणि मध्येच हसत राहिल्या. मी पण रडले. कशाला लपवू?

संध्याकाळच्या आत तंबूपाशी पोचलो. पुढे गेलेली आमची माणसं धावत आली. गाद्या बाहेर अंथरल्या, अपांना गवतावर आडवं केलं, पाठीशी उशा दिल्या. मी चामड्याच्या बुधल्यातलं घोडीचं दूध घुसळून पहिलं वाडगं भरलं. पहिलं वाडगं घरातल्या सर्वांत वडील माणसाचं, म्हणजे सासऱ्यांचं. त्यात काही विचारायचंच नसतं. मी दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरलं.

म्हाताऱ्याने घेतलं. प्यायला नाही. ते उचलून बायकोकडे दिलं. "दोन वर्षं नुसता वास घेतलास. तू आधी."

अपांनी वाडगं हातात धरलं, वास घेतला, सवयीने. भोवती सगळे वाट बघत उभे. त्यांनी ओठाला लावलं नाही. पलीकडे कलीपा सरपण फोडत होती, सर्वांत धाकटी सून म्हणून तिचं कामच ते. अपांनी तिला हाक मारली.

"बल्बवाली. इकडे ये. बस इथे."

"अपा, आधी तुम्ही. मग अताके, मग—"

"बस म्हटलं ना."

कलीपा गुडघ्यावर बसली. पहिल्यांदाच तिची फुशारकी कुठे पळाली कोण जाणे. वाडगं नुसतं धरून बसली, तेव्हा अपांनी खालून हात लावून ते वर उचललं. आमच्या घराण्यात धाकट्या सुनेने पहिलं वाडगं प्यायल्याचं कुणी ऐकलेलंही नाही. चुलत सासरे चुळबुळले, पण म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बघून घसा खाकरला आणि सगळे गप्प झाले.

"पी," अपा म्हणाल्या. "तू प्यायलीस की मी पिते. मी आज इथे आहे ना, ती तुझ्यामुळे आहे."

कलीपा एका दमात प्यायली. तिच्या ओठावर पांढरी मिशी उमटली, आणि ती पुसायची सोडून ती रडायलाच लागली. मी तिच्या हातातलं वाडगं घेतलं, पुन्हा काठोकाठ भरलं आणि अपांच्या ओठाला लावलं.